ढालीवरची कोरी पट्टी

आनंदीबाई सरंगा घेताना पहिल्या माशाचे कल्ले उघडून बघायच्या, मग दुसऱ्याचे, आणि मग कोळणीच्या तोंडाकडे. कोळीण म्हणायची, "बाय, सगले एकाच जाल्यातले हायत." त्यावर आनंदीबाई विचारायच्या, "एकाच जाळ्यातले असतील गं, पण एकाच दिवसाचे आहेत का?" दुधाचा थेंब नखावर ठेवून तो ओघळतो का बघायचा, मळ्यातल्या बायांनी खुडलेलं विड्याचं पान दोन्ही अंगांनी उलटून बघायचं, पाहुणा "जेवून आलो" म्हणाला की "कुणाकडे?" म्हणून विचारायचं. विरारच्या पश्चिमेकडच्या वाड्यांत हे सगळ्यांना पाठ झालं होतं. रागावत कुणी नसे. दारात आलेल्याला केळ्याचा फणा हातात दिल्याशिवाय त्या परत पाठवत नसत, त्यामुळे जिभेचं लोक सोडून देत.

अशा बाईच्या तावडीत हरेश्वर सापडला, म्हणजे बघा.

हरेश्वर खाडीकडच्या गावातला, भातशेती करणाऱ्या घरातला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्याच्यासारखा हुतूतू खेळणारा गडी साऱ्या तालुक्यात नव्हता. तो चढाईला निघाला की माणसं तोंडातलं पान चघळायची थांबत. वसईहून लोक बैलगाड्या जुंपून त्याचा खेळ बघायला येत. आनंदीबाईंचे यजमान काशिनाथ वाडीतल्या हुतूतू संघाचे पुढारी. खेळायचं मैदानही त्यांच्याच वाडीतलं, घराच्या ओट्यासमोरचं. काशिनाथनी खाडीकडून हरेश्वरला बोलावून आणला, आपल्या पंक्तीला जेवायला बसवला, आणि त्याच्या जिवावर संघ नावारूपाला आला. सेहेचाळीस साली पालघरच्या सामन्यात हरेश्वरचा गुडघा कायमचा गेला. पुढं त्रेपन्न साली काशिनाथ गेले. जाण्याआधी संघाच्या पंचमंडळींना बोलावून ते म्हणाले, "संघ हरेश्वरकडे द्या. आणि मैदान संघाकडेच राहू दे."

संघ दिला. पण मैदानाचा कागद झालेला नव्हता, आणि जमीन आता आनंदीबाईंची होती.

काशिनाथांचे धाकटे भाऊ नरहरी यांचं म्हणणं निराळं होतं. "वहिनी, चांगला खेळणारा चांगला कारभारी होतो असं कुणी सांगितलं? गुडघा मोडला म्हणून डोकं आलं असं होत नाही. त्यापेक्षा तिथं राजेळी केळ लावू. पाणी शेजारीच आहे, रहाट आहे, जागा काय तुडवायला ठेवायची?"

आनंदीबाईंचा नरहरींवरही विश्वास नव्हता. त्यांनी चोपन्नच्या अक्षय्य तृतीयेला सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "एक वर्ष मी हरेश्वरचा कारभार बघेन. पुढच्या अक्षय्य तृतीयेला सांगेन, इथं खेळ की केळी."

हरेश्वर समोरच होता. मान खाली घालून म्हणाला, "बघा, वयनी. बघायलाच पायजे."

आता यात टोचण्यासारखं काय होतं? पण आनंदीबाईंना ते टोचलं, आणि का टोचलं ते त्यांच्या एकटीच्या मनात होतं.

गोष्ट एकोणचाळीस सालची, चैत्रातली. याच मैदानावर अखेरचा सामना, माणिकपूरच्या संघाशी. तिकडचा पीटर नावाचा गडी पकडीला जबर होता. तेव्हा वाडीतल्या बायकांनी मैदानाच्या कडेला उघड्यावर बसायची पद्धत नव्हती. मधल्या रेषेच्या टोकाला नारळीचे झाप उभे बांधायचे आणि त्यांच्या आड बसायचं. आनंदीबाई रेषेच्या सगळ्यात जवळ, झापाच्या फटीला डोळा लावून. खेळ बरोबरीत आला. हरेश्वरची चढाई. त्यानं एकाला शिवलं आणि परत फिरणार तोच पीटरनं मागून मिठी मारली. हरेश्वर त्याच्यासकट जमिनीवरून सरपटत रेषेकडे आला. तोंडानं हुतूतू चालूच होतं. लोकांनी असा गलका केला की पंचाला स्वतःची शिट्टी ऐकू येईना. पण झापाआड, तीन हातांवर, आनंदीबाईंना स्वच्छ ऐकू आलं. रेषेला हात लागायच्या आधी आवाज थांबला. मध्येच श्वास आत ओढला गेला. दम तुटला. मग हात लागला.

पंचानं गुण दिला. पीटर उठून ओरडत सुटला, "दम तुटला! देवाशपथ तुटला, माझा कान त्याच्या पाठीवर होता!" कोण ऐकतंय? लोकांनी हरेश्वरला खांद्यावर घेतलं, काशिनाथनी ढाल घेतली. हरलेला माणूस, ओरडणारच. त्या दिवसापासून त्याचं नाव साऱ्या वाड्यांत रडका पीटर पडलं. त्याच वर्षी श्रावणात तिकडे युरोपात लढाई पेटली, पुढं ढालीचे सामने बंद पडले आणि ढाल काशिनाथांच्या माजघरातल्या भिंतीवर राहिली ती राहिलीच.

आनंदीबाईंनी तेव्हा पंचापुढे तोंड उघडलं नाही. कसं उघडणार? झापाआडून बाई उठून पंचाला काय सांगणार? आणि रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगावं, तर तो माणूस त्या ढालीसमोर उभा राहून एकटक बघत होता, आणि त्या म्हणाल्या, "छान दिसते हो भिंतीवर." म्हणाल्या आणि हसल्यासुद्धा. एकदा असं हसल्यावर मागं कसं फिरायचं? पुढं बोलण्याच्या भरात त्याही पीटरला रडकाच म्हणू लागल्या. हरेश्वरला मात्र त्यांनी मनातून उतरवून टाकलं. सगळं गाव ज्याला देवमाणूस म्हणत होतं तो त्यांच्या लेखी लबाड होता.

एक राग त्यांनी आणखी धरला होता, तो आगाशीच्या त्रिंबक सोनारावर. ढालीला खाली चांदीच्या लहान लहान पट्ट्या होत्या, दर वर्षाला एक, जिंकणाऱ्या पुढाऱ्याचं नाव कोरायला. एकोणचाळीसची पट्टी कोरी होती. काशिनाथ ढाल गोणपाटात गुंडाळून, सायकलला बांधून आगाशीला जात आणि तशीच परत आणत. एकदा म्हणाले, सोनाराला वेळ नाही. एकदा, त्याची हत्यारं दुरुस्तीला गेलीत. एकदा, त्याची आई गेली. वर्षभरानं पुन्हा, त्याची आई गेली. आनंदीबाई भडकल्या. "ह्या सोनाराची आई किती वेळा जाते हो? चांदी खरवडून घ्यायचा डाव आहे मेल्याचा!" तेव्हापासून त्यांनी त्रिंबकाच्या दुकानाची पायरी सोडली. मुलगी मंदा, तिच्या लग्नाचे दागिनेसुद्धा वसईहून केले. त्रिंबकानं एकदा देवळात हात जोडून विचारलं होतं, "बाई, माझं काय चुकलं?" त्या म्हणाल्या, "ते तुझं तुला ठाऊक."

तर असं हे वर्ष सुरू झालं. आनंदीबाई सकाळी ओट्यावर पानं निवडत बसायच्या आणि पानांवरून नजर मैदानावर. विधवा बाईनं आता झापाआड बसायचं की ओट्यावर, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

हरेश्वरचा कारभार त्यांना पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला. तो पोरांना भल्या पहाटे खाडीच्या चिखलात पळवायचा. "पाय सुटतात," म्हणायचा. आनंदीबाईंना वाटलं, याला आपल्या गावची पोरं पुढं आणायची आहेत, ती चिखलात जन्मलेली, वाडीतली पोरं तिथं मागं पडणार. झालंही तसंच. खाडीकडचा नथू, म्हणजे आनंदीबाईंच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या कमळीचा लेक, चढाईला पहिला आला. नरहरींचा मुलगा एकनाथ, तो तर खरा भरवशाचा गडी, त्याला हरेश्वरनं श्रावणात संघातून काढला.

"का?" नरहरींनी विचारलं.

"शिवला गेला आनि हात वर नाय केला," हरेश्वर म्हणाला. "पंचानं नाय बघितलं. पन त्याला तर कललं व्हतं ना."

"अरे, मग पंच कशाला असतो?"

"गड्याला कललं नाय तर पंच," हरेश्वर म्हणाला.

आनंदीबाईंच्या हातातलं पान तिथंच राहिलं. ही भाषा कुणाच्या तोंडी? निर्लज्जपणाची कमाल आहे, त्या मनात म्हणाल्या.

याहून विचित्र म्हणजे त्याची कानाची तालीम. एक गडी चढाई करायचा, आणि रेषेच्या टोकाला दुसऱ्याला डोळ्यांवर पंचा बांधून बसवायचा. बाकीच्यांनी मोठमोठ्यानं ओरडायचं, थाळ्या वाजवायच्या. डोळे बांधलेल्यानं फक्त ऐकायचं आणि दम तुटला की हात वर करायचा. दुसऱ्या कुठल्या संघात असलं काही करत नसत. आणि तो माणूस बसवायचा कुठं? बरोबर तिथं, जिथं पंधरा वर्षांपूर्वी झाप उभे होते. हा मला डिवचतोय की काय? याला काही ठाऊक आहे? छे, कसं असेल! आनंदीबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि हरणं तर होतंच. माघापर्यंत सात सामने झाले, त्यांतले चार हरले. एक तर नथूनं स्वतःच हात वर केला म्हणून. पंचमंडळी कुरकुरू लागली. चांगला खेळणारा निराळा आणि संघ चालवणारा निराळा, असं जो तो म्हणू लागला. नरहरी हळूच यायचे, ओट्याच्या कडेला बसायचे, "वहिनी, लावायला केळीचे मुनवे सांगून ठेवू का?" आनंदीबाई म्हणायच्या, "भावजी, वर्ष संपलंय का?"

चैत्रात नव्या ढालीचे सामने याच मैदानावर लागले. सगळ्यांना नवल वाटलं, पण संघ अखेरच्या सामन्यात आला, आणि समोर पुन्हा माणिकपूर. तेव्हाच्या गड्यांची जागा आता त्यांच्या मुलांनी-पुतण्यांनी घेतली होती. केस पिकलेला पीटर त्यांच्याबरोबर आला होता आणि पलीकडे एका स्टुलावर बसला होता. आपल्या ओट्याकडे त्यानं एकदासुद्धा बघितलं नाही, हे आनंदीबाईंनी टिपून ठेवलं.

खेळ बरोबरीत आला. काय योग म्हणावा, चढाई नथूची. त्यानं एकाला शिवलं, दुसऱ्यानं त्याचा पाय धरला, नथूनं अंग टाकलं आणि हात रेषेला लावला. पंचाची शिट्टी झाली. गुण! लोक मैदानात धावले, एकानं नथूला उचललासुद्धा.

रेषेच्या टोकाशी बसलेला हरेश्वर लंगडत मधोमध आला. त्यानं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, लोक गप्प होईपर्यंत.

"पंच, दम तुटला व्हता," तो म्हणाला. "आमचा गडी बाद."

नथूनं खाली मान घातली. ढाल माणिकपूरला गेली.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी धोंडा भिरकावला, कुणी आईबहिणीवर गेलं. "विकला सामना! माणिकपूरला विकला!" नरहरी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. हरेश्वर मैदानातल्या दोऱ्या गुंडाळत राहिला. आनंदीबाई ओट्यावरून त्याच्याकडे बघत होत्या. ओटा लांब, त्यामुळे दम तुटला की नाही हे या वेळी त्यांना ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कमळी पानं खुडायला आली तेव्हा त्यांनी विचारलंच, "नथू काय म्हणतो गं?"

"काय म्हननार, बाय? तुटला म्हनतो. पानीसुद्धा प्यायला नाय कालपासून."

म्हणजे तुटला होता. सामना विकला नव्हता. पण संशयाला एक वाट बंद झाली की तो दुसरी काढतो, आणि आनंदीबाईंच्या मनाला वाटा कमी नव्हत्या. त्यांना वाटलं, हे सगळं माझ्यासाठी केलं. ढाल गेली तर पुढच्या वर्षी येते, पण मैदान गेलं की गेलं. मी ओट्यावर बसून बघतेय, अक्षय्य तृतीया पंधरा दिवसांवर, मग सचोटीचा एवढा मोठा तमाशा करायला काय जातं?

त्यांनी हरेश्वरला बोलावणं धाडलं. तो सकाळी आला, रहाटाजवळ उभा राहिला. रेडा गोल फिरत होता, पाटात पाणी पडत होतं. आनंदीबाईंनी बस म्हटलं नाही.

"खरं सांग, हरेश्वर. मी बघतेय म्हणून केलंस ना?"

त्यांना वाटलं होतं, तो शपथा घेईल. तो म्हणाला, "हो, वयनी. तुमी बघताय म्हनूनच केला."

आनंदीबाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"त्या दिवशी पन तुमी बघत व्हता," तो म्हणाला. "मना तवाच कललं. माझा दम तुटला आनि झापामागून बाईचा आवाज आला, 'तुटला गं बाई!' तुमचाच व्हता. पन तवर हात लागलेला, शिट्टी झालेली, लोकांनी मना उचललेला. वर खांद्यावर बसून मी झापाकडंच बघत व्हतो. वाटलं, आता वयनी बाहेर येतील नि सांगतील."

"मी सांगायचं?" आनंदीबाई कडाडल्या. "दम तुझा तुटला, नि सांगायचं मी? आणि सोळा वर्षं गप्प बसायचं तू?"

"मी गप्प नाय बसलो. दुसऱ्याच दिवशी काशिनाथदादांना सांगितलं."

रहाट करकरत होता. आनंदीबाईंनी रेडा थांबवायला सांगितलं.

"काय सांगितलंस?"

"सगला. म्हटलं, ढाल माणिकपूरला देऊन येऊ. दादा म्हनाले, 'ती ढालीकडं बघून हसली रे. माझ्या कुठल्याच गोष्टीवर ती कधी बिनशंक भरवसा ठेवत नाय. पयल्यांदा ठेवलाय. मी नाव कोरनार नाय, पन भिंतीवर राहू दे.' मना म्हनाले, तोंड उघडू नको."

"आणि मला ठाऊक होतं, हे तू त्यांना सांगितलंस?"

"नाय."

"का नाही?"

"तुमी त्यांना जपत व्हता, ते तुमाला जपत व्हते. नवराबायकोच्या मधी मी कुठं तोंड घालू? मना वाटायचं, एक दिवस तुमीच बोलाल एकमेकांशी." त्यानं रहाटाकडे बघितलं. "नाय बोललात."

"मेलेल्या माणसाच्या नावावर काय वाटेल ते खपवता येतं, हरेश्वर," आनंदीबाई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

त्या माजघरात ढालीसमोर उभ्या राहिल्या. कोऱ्या पट्टीवर बोट फिरवलं. मग गड्याला गाडी जुंपायला सांगितली आणि पदर डोक्यावरून घेऊन आगाशीला गेल्या.

त्रिंबक सोनार त्यांना पायरीवर बघून उभाच राहिला. म्हातारा झाला होता, कानाला कमी ऐकू येत होतं.

"त्रिंबक," आनंदीबाईंनी मोठ्यानं विचारलं, "आमच्याकडची ढाल तुझ्याकडे किती वेळा आली होती? नाव कोरायला?"

"कुठली ढाल, बाई?"

"हुतूतूची. काशिनाथ घेऊन यायचे. सायकलवरून."

"काशिनाथ यायचे ना," तो म्हणाला. "सायकल लावायचे, इथं बसायचे, पान खायचे, पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. गोणपाटात काहीतरी बांधलेलं असायचं. मी एकदा विचारलंही. म्हणाले, काही नाही रे, ओझं आहे घरचं."

"आणि तुझी आई?"

"तिचं काय? ती गेली ना पन्नास साली." सोनार बुचकळ्यात पडला होता. "का, बाई?"

आनंदीबाई तिथंच, त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. आयुष्यभर त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं. कोळीण, दूधवाला, दीर, सोनार, हरेश्वर, सगळ्यांना उलटूनपालटून बघितलं होतं. ढालीच्या बाबतीत मात्र एका माणसाकडे त्या कधी संशयानं बघायला गेल्या नाहीत, आणि तोच माणूस चौदा वर्षं रोज त्यांच्याशी खोटं बोलत होता, त्यांच्यासाठी. आणि त्याही त्याच्याशी, त्याच्यासाठी. एका वाक्याचं काम होतं. जेवायला वाढताना, अंथरूण घालताना, कधीही म्हणता आलं असतं, अहो, त्या दिवशी दम तुटला होता. दोघंही मोकळे झाले असते. आता कुणाला म्हणायचं? त्यांना रडू कोसळलं. त्रिंबकानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि भट्टीशी जाऊन बसला.

निघताना त्या म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नव्हतं, त्रिंबक."

अक्षय्य तृतीयेला मैदानावर माणसं जमली. नरहरी मध्ये बसले होते, हरेश्वर एका कडेला उभा होता. त्याचे हात रिकामे होते, दोऱ्यांची गुंडाळी त्यानं पायाशी ठेवली होती, परत द्यायला आणल्यासारखी. नरहरींनी कारभाराचं सगळं वाचून दाखवलं. किती सामने हरले, एकनाथला कसा काढला, अखेरचा सामना कसा घालवला. "आता वहिनींनी सांगावं, खेळ की केळी," ते म्हणाले.

आनंदीबाई ओट्यावरून खाली उतरल्या. ढाल दोन्ही हातांत होती. चालत चालत त्या मैदानात शिरल्या. त्या रिंगणात बाईचं पाऊल कधी पडलं नव्हतं, जुनी माणसं एकमेकांकडे बघू लागली. मधल्या रेषेपाशी येऊन त्या थांबल्या.

"ही ढाल आपली नाही," त्या म्हणाल्या. "एकोणचाळीस साली हरेश्वरचा दम रेषेच्या आधी तुटला होता. पीटर खरं बोलत होता. मी झापाआड होते, माझ्या कानांनी ऐकलं, आणि सोळा वर्षं गप्प राहिले. वर त्याला रडका म्हटलं."

"वहिनी!" नरहरी अर्धे उठले. "काय बोलताय? दादांचं नाव आहे त्या ढालीवर!"

"नाही," आनंदीबाई म्हणाल्या. "या, वाचा. त्यांनी कोरलंच नाही. त्यांना ठाऊक होतं."

नरहरी खरंच जवळ आले, पट्टीवर वाकले आणि तसेच मागं सरले.

आनंदीबाईंनी ढाल काखेत धरली, आणि बाद झालेला गडी करतो तसा उजवा हात वर केला. "हरेश्वरचा कारभार मी वर्षभर बघितला. संघ हरला, तो हरायला नको होता असं मलाही वाटतं. पुढच्या वर्षी जिंकून दाखव, रे बाबा, नाहीतर माझ्याशी गाठ आहे. पण जे तेव्हा मला जमलं नाही ते त्यानं पोरांना शिकवलं. मैदान संघाचं. कागद उद्या करू. कारभारी तोच राहील." मग हात खाली न आणता त्या रेषा ओलांडून बाहेर गेल्या.

कडेला हरेश्वरचाही हात वर होता. तो केव्हा वर गेला हे कुणीच बघितलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी आनंदीबाई हरेश्वरला घेऊन बैलगाडीनं माणिकपूरला गेल्या. पीटर ओटीवर टोपली विणत बसला होता. हरेश्वरला बघून त्यानं मान हलवली, पण आनंदीबाईंना बघून तो उभा राहिला. त्यांनी ढाल पुढं केली.

"दम तुटला होता, पीटर. मी ऐकलं होतं. तू खरं बोललास आणि आम्ही तुला रडका ठरवला. ही तुमची ढाल."

पीटरनं ढाल घेतली नाही. तो ढालीकडे बघतही नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते. तो मागं वळला आणि घरात हाक मारली, "सालोमी! ए सालोमी, बाहेर ये!"

चुलीपाशी असलेली त्याची बायको ओला हात लुगड्याला पुसत दारात आली.

"ही पण म्हणायची," पीटर म्हणाला. "सोळा वर्षं म्हणते, तुला भास झाला असेल. घरातलं माणूस." त्यानं आनंदीबाईंकडे बघितलं. "बाय, आता बोललीस ते परत बोल. जरा मोठ्यानं बोल."

आनंदीबाईंनी पदर सावरला आणि मोठ्यानं, पहिल्यापासून, पुन्हा सांगितलं.